चार पायांचं धन

आइसलंडच्या अर्थमंत्र्याचं पद एका दमात न अडखळता म्हणून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. फ्याउरमाउलाराउदहेर्रा. घाबरू नये, शब्द लांब आहे पण सरळ आहे. शेवटचा 'राउदहेर्रा' म्हणजे मंत्री. मधला 'माउला' म्हणजे बाबी, कामकाज. उरला सुरुवातीचा 'फ्याउर'. हे 'फ्ये' या नामाचं षष्ठीचं रूप. फ्ये म्हणजे पैसा, मालमत्ता, भांडवल. आणि फ्ये म्हणजे मेंढरं.

यातला एक अर्थ जुना आणि एक नवा, असं समजू नका. दोन्ही आज चालू आहेत. शेतकरी म्हणतो, फ्ये डोंगरावर गेलंय. बँकवाला म्हणतो, फ्ये परदेशात गेलंय. ऐकणाऱ्याला कधी गोंधळ होत नाही, कारण बोलणाऱ्याच्या पायात गमबूट आहेत की बूट, हे दिसत असतं.

तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा म्हटलं, तर त्या देशाची तिजोरी मेंढरांचं कामकाज पाहणाऱ्या मंत्र्याकडे आहे, आणि तिथलं अंदाजपत्रक, फ्याउरलोग, हा मेंढरांचा कायदा आहे. याला हसायचं तर बेतानं हसावं. आपल्याकडे 'अर्थ'मंत्री असतो. उद्या एखादा आइसलंडर कोश उघडून बसला आणि त्यानं विचारलं, की तुमच्याकडे शब्दांच्या अर्थांसाठी वेगळा मंत्री नेमता का हो, तर आपण काय सांगणार? अर्थसंकल्प वाचून त्याचा अर्थ लागत नाही, हेही त्याला कळायला वेळ लागणार नाही. त्यांच्या मंत्र्याकडे निदान मोजता येण्यासारखं काहीतरी आहे.

मात्र फ्ये एकेक करून मोजता येत नाही. हे नाम समूहवाचक आहे. 'एक फ्ये' असं म्हणत नाहीत, जसं आपण 'एक धन' म्हणत नाही. एकटीदुकटी मेंढी दिसली तर तिला वेगळे शब्द आहेत. ती कळपात मिसळली की फ्ये होते. सुटं नाणं आणि संपत्ती यांच्यातला फरक या भाषेनं मेंढीवर बसवून दाखवला आहे.

या एका शब्दाला जे काही जोडता येतं, त्यावर एक आळसावलेली दुपार सहज निघते. फ्याउरहूस म्हणजे 'फ्येचं घर'. ही बँक नव्हे, मेंढ्यांचा गोठा. फ्याउरहुन्दुर म्हणजे 'फ्येचा कुत्रा'. हा लेखापरीक्षक नव्हे, मेंढरं राखणारा खराखुरा कुत्रा. इथवर सगळं लोकरीचं. पण फ्याउरफेस्तिंग म्हणजे गुंतवणूक. 'फेस्ता' म्हणजे पक्कं बांधणं, अडकवणं. म्हणजे फ्ये बांधून ठेवणं. आपण पैसा गुंतवतो, ते बांधतात. दावं नीट बांधलं नसेल तर काय होतं, हे दोन्हीकडच्या लोकांनी अनुभवलेलं आहे.

माझी आवडती जोडी मात्र दुसरीच. 'हिर्दिर' म्हणजे राखण्या. तो षष्ठीला जोडला, फ्याउरहिर्दिर केला, तर मेंढपाळ. मूळ रूपाला जोडला, फ्येहिर्दिर केला, तर खजिनदार. एवढ्याशा विभक्तीवर एक माणूस काठी घेऊन पावसात उभा राहतो आणि दुसरा वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवतो. मला विचाराल तर दुसऱ्याची झोप जास्त वाईट.

आणि मग येतो फ्याउरद्राउत्तुर. याचा शब्दशः अर्थ 'फ्ये ओढणं'. प्रत्यक्षातला अर्थ अफरातफर, अपहार. हा शब्द पुरता समजायचा तर सप्टेंबरात आइसलंडच्या खेड्यात काय चालतं ते पाहायला हवं.

तिथं उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावर सोडून देतात. पाठीवर मेंढपाळ नाही, कुंपण नाही, काही नाही. ज्या बेटावर वाघ-लांडगा नाही तिथं हे परवडतं. कोल्हा आहे, तो एखादं कोकरू उचलतो, पण सर्वसाधारणपणे मेंढ्या तीन महिने सरकारी खर्चाशिवाय चरतात. सप्टेंबर लागला की गावातले लोक घोड्यांवर बसून त्यांना शोधायला निघतात. काही भागांत ही शोधाशोध बरेच दिवस चालते. या मोहिमेच्या म्होरक्याला फ्यात्लकोंगुर, म्हणजे 'डोंगरचा राजा', असं म्हणतात. त्याला वर्षभर कोणी राजा म्हणत नाही, पण त्या दिवसांत त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. हजारो मेंढ्या दरीतून खाली उतरतात, आणि त्यांना एका मोठ्या गोल आवारात कोंडतात. या साऱ्या उत्सवाला र्येत्तिर म्हणतात. गोल आवाराच्या मधोमध सामायिक चौक असतो. त्याचं नाव अल्मेन्निंगुर, म्हणजे सार्वजनिक. त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, एकेका शेताचा एकेक. आता प्रत्येकानं त्या सार्वजनिक गर्दीत शिरायचं, मेंढीचा कान धरून त्यावरची खूण वाचायची, आपली असेल तर शिंगाला धरून आपल्या कप्प्यात ओढत न्यायची. कानांवर कापून केलेल्या या खुणा गावोगावच्या छापील नोंदवह्यांत नोंदलेल्या असतात. शाळकरी पोरंसुद्धा मेंढीवर मांड ठोकून तिला हाकताना दिसतात. संध्याकाळी गाणी, मटणाचं सार आणि बरंच काही पेयही.

या ओढण्याला क्रियापद एकच, 'द्रागा'. आपली मेंढी सार्वजनिक चौकातून आपल्या कप्प्यात ओढली तर तो सण. दुसऱ्याचं फ्ये आपल्या कप्प्यात ओढलं तर फ्याउरद्राउत्तुर, आणि पोलीस. सार्वजनिक चौकातून आपल्या कप्प्यात. अपहाराची इतकी नेमकी व्याख्या आपल्या कायद्याच्या पुस्तकांत मला तरी सापडली नाही.

आता हे दोन अर्थ एका शब्दात नांदले कसे, तर त्याला आइसलंडची गरिबी कारण आहे. नॉर्वेहून माणसं नवव्या शतकात तिथं जाऊन राहिली, ९३० साली त्यांनी आल्थिंग ही आपली लोकसभा भरवली, कायदे केले, पुढं सागा लिहिल्या. पण सोबत आणलेली चांदी हळूहळू संपली. धान्य नीट पिकेना. उरली ती मेंढी आणि तिची लोकर. मग वाद्माउल नावाचं जाडंभरडं हातविणीचं लोकरी कापड हेच चलन झालं. दर हातावर मोजायचे. एका गाईची किंमत १२० हात वाद्माउल. या १२० ला ते 'शंभर' म्हणत. हा त्यांचा मोठा शेकडा. गाय हेही माप होतं. कूगिल्दी म्हणजे 'गायमोल'. एक गायमोल बरोबर सहा दुभत्या मेंढ्या. जमिनीचा भाव गायमोलात, खंड गायमोलात, भरपाई गायमोलात. अशा समाजात 'तुझ्याकडे किती पैसा आहे' आणि 'तुझ्याकडे किती मेंढ्या आहेत' हे दोन प्रश्न वेगळे विचारायचे कशाला?

पुढं बाहेरून पेनी आली. नाणं, धातूचं, गोल, मुंडकं छापलेलं. युरोपभर तिनं पैशाला पैसा केलं. आइसलंडात उलटं झालं. त्यांनी त्या पेनीला 'पेनिंगुर' म्हटलं आणि मग बूपेनिंगुर असा शब्द तयार केला, शब्दशः 'शेतावरची पेनी'. अर्थ, गुरंढोरं. नाण्यालासुद्धा चार पाय फुटले.

कायद्याच्या भाषेत तर याहून मजा. घर-जमीन सोडून जी हलवता येते ती मालमत्ता म्हणजे लोइसाफ्ये, 'सुटं फ्ये'. त्यातलंही जे स्वतःच्या पायांनी हलतं ते जुन्या भाषेत गौंगान्दी फ्ये, 'चालतं फ्ये'. वाचताना मी थबकलो, कारण आपले वकील पिढ्यान्‌पिढ्या दस्तांमध्ये 'स्थावर व जंगम' लिहीत आले आहेत, आणि जंगम म्हणजे चालणारं. सोन्याचा हार, शेअरचे कागद, पितळी घंगाळ, यांतलं एकही चालत नाही. कधीतरी मालमत्ता चालत होती आणि हंबरतही होती, एवढंच त्या शब्दावरून कळतं.

फेरो बेटांवर हाच शब्द वेगळ्या वाटेनं गेला. ही १८ बेटं आइसलंड आणि स्कॉटलंड यांच्या मध्ये, माणसं पन्नास-पंचावन्न हजार आणि मेंढ्या त्याहून जास्त. त्यांचं नावच बहुतेक अभ्यासकांच्या मते 'मेंढ्यांची बेटं'. ८२५ च्या सुमारास दिकुइल नावाच्या आयरिश संन्याशानं भूगोलाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात उत्तरेकडच्या अगणित मेंढ्यांनी भरलेल्या बेटांचा उल्लेख आहे, तो बहुधा याच बेटांचा. म्हणजे नॉर्वेहून माणसं येऊन राहण्याच्या आधीच मेंढ्यांनी तिथं बस्तान बसवलं होतं, आणि नाव त्यांच्या हक्काचं आहे. बेटांच्या राजचिन्हावर मेंढा आहे. तिथला सर्वांत जुना उपलब्ध दस्तऐवज १२९८ चा, आणि तोही सेइयाब्रेआवी, मेंढ्यांचं पत्र. नॉर्वेच्या राजघराण्यातल्या ड्यूक होकोननं काढलेला हुकूम. दुसऱ्याच्या मेंढ्या न विचारता हाकल्या तर काय, कुत्र्यानं मेंढी फाडली तर भरपाई कोणी द्यायची, असल्या गोष्टी त्यात आहेत. एखाद्या राष्ट्राचा लिखित इतिहास शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या तक्रारीपासून सुरू होतो, ही गोष्ट मला फार माणसाळलेली वाटते. जाहीरनाम्यापासून सुरू होण्यापेक्षा बरी.

२०१६ साली बेटांवर गूगलची रस्ते दाखवणारी गाडी येईना, तेव्हा तिथल्या पर्यटन खात्यानं मेंढ्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवरचे कॅमेरे बांधून त्यांना डोंगरांवर सोडलं. चित्रं जगभर गेली. मग गूगलला यावंच लागलं. गुंतवणुकीवरचा परतावा म्हणतात तो हा.

तर इतक्या मेंढीमय बेटांवर फ्ये मेंढीलाच चिकटून राहायला हवा होता. पण नाही. फेरोवासी मेंढीला 'सेइयुर' म्हणतात. आइसलंडात त्याचंच भावंड 'सोइदुर', आणि तिथं कोणाला सोइदुर म्हटलं तर बिनडोक म्हटल्यासारखं होतं. मुळात हा शब्द 'उकळणं' या क्रियापदाचा नातलग. गॉथिक भाषेत त्याचं भावंड म्हणजे बळी. यज्ञात शिजवलेला प्राणी, त्यावरून जिवंत प्राण्याचं नाव. चरत असलेल्या जनावराला आधीच रश्श्याच्या नावानं हाक मारायची, याला दूरदृष्टी म्हणावं की दुष्टपणा, मला ठरवता आलेलं नाही. फ्ये हा जुना शब्द फेरोवासीयांनी 'फेआ' करून गुराढोरांसाठी ठेवला. त्याचं षष्ठीचं रूप मात्र सरकारी कार्यालयात शिरलं आणि तिथंच राहिलं. तिथल्या अर्थखात्याच्या नावात ते आहे, आर्थिक वर्षाच्या नावात आहे. उच्चार 'फुच्चार'च्या जवळपास. फेरो भाषेला दोन स्वरांच्या मध्ये एक कडक व्यंजन घुसवायची खोड आहे, त्यामुळं 'फ्याउर'चा हा असा फुच्चार झाला. मेंढीचा मागमूस नाही. आइसलंडच्या मंत्र्याला आपल्या पदात मेंढी दिसते, फेरोच्या मंत्र्याला बहुधा दिसत नाही. मेंढ्या खिडकीतून दिसत असतील, ते वेगळं.

आता थोडं मागं जायला हवं, कारण हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला 'प' उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांत 'फ' होऊन भेटतो. पितृ तिथं फादिर, पञ्च तिथं फिम्म, पद तिथं फोतुर. त्याच हिशेबानं पशु तिथं जुन्या जर्मानिकात फेहु, आणि शेवटचा भाग झिजून फ्ये. लॅटिनमध्ये हाच पेकुस, म्हणजे गुरं, आणि त्यावरून पेकुनिया, म्हणजे पैसा. जर्मन माणूस गुरांना 'फी' म्हणतो. इंग्रज ज्याला 'फी' म्हणतो ते बऱ्याच अभ्यासकांच्या मते याच शब्दाचं फ्रेंच वळसा घालून आलेलं रूप. जर्मनाकडे जनावर राहिलं, इंग्रजाकडे बिल राहिलं, आइसलंडकरानं दोन्ही ठेवून घेतलं. जूनमध्ये शाळेच्या फीच्या रांगेत उभा असलेला आपला पालक दूरच्या नात्यानं पशूच मोजून देत असतो. आपल्याला कापलं जातंय ही त्याची भावना अगदीच निराधार नाही.

आणि पशू आधी की पैसा आधी? सगळ्यांना वाटतं, अर्थातच पशू. माणसाकडे आधी गुरं होती, मग नाणी आली. एमील बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडितानं १९६९ साली हे उलटं करून दाखवलं. त्याचं म्हणणं, या शब्दाचा मूळ अर्थ 'जंगम मालमत्ता' असाच होता. गुरं हा त्याचा मुख्य प्रकार, म्हणून शब्द हळूहळू गुरांवर स्थिरावला. त्याच्या पुराव्यांत वैदिक वाङ्मय आहे. अथर्ववेदात पाच पशू सांगितले आहेत. गाय, घोडा, माणूस, बकरी, मेंढी. होय, तिसरा माणूस. मेंढीच्या वर, घोड्याच्या खाली. दुसरी बाजूही कमी पटणारी नाही. लोकर उपटणं-विंचरणं या अर्थाचा एक प्राचीन धातू आहे, काही जण पशू त्यावरूनच काढतात. तसं असेल तर आपला पशू सुरुवातीला केवळ 'लोकरवाला' होता. वाद मिटलेला नाही. माझं मत बेनव्हेनिस्तकडे झुकतं, पण त्यात भाषाशास्त्र कमी आणि पशुपतीची थट्टा जास्त आहे. त्या हिशेबानं पशुपती म्हणजे फ्येहिर्दिर, देवांचा खजिनदार. आणि हे पद आपण दिलं कोणाला, तर ज्याच्या घरी एक नंदी सोडला तर जंगम म्हणावं असं काही नाही, त्याला.

'प'चा 'फ' कसा होतो, हे नीट मांडणाऱ्या पहिल्या लोकांत रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित होता. १८११ साली त्यानं आइसलंडिकचं व्याकरण लिहिलं आणि त्यात फेरो भाषेलाही जागा दिली. मग दोन वर्षं आइसलंडात जाऊन राहिला. १८१८ साली त्याचा वर्णबदलांचा निबंध छापून आला. ग्रिमचं नाव पुढं त्या नियमाला चिकटलं, रास्क थोडक्यात हुकला. हा गृहस्थ निघाला तो रशिया, इराण करत १८२० साली थेट मुंबईत उतरला. पारशी दस्तुरांकडून अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखितं मिळवायची होती. ती त्यानं मिळवली आणि सिलोनमार्गे १८२३ मध्ये कोपनहेगनला पोचवली. फ्ये शिकलेला माणूस पशूच्या मुलखात येऊन राहून गेला. त्या वेळच्या मुंबईत गिरगावकडून किल्ल्याकडे येताना त्याला वाटेत किती म्हशी आडव्या आल्या असतील, याची मी उगाच कल्पना करत असतो.

आइसलंडात फ्येवरची सर्वांत गाजलेली कोटी प्येतुर ब्लोन्दाल यांची. हे गणितज्ञ होते आणि खासदारही. बचत संस्थांमध्ये असा पैसा साठलेला असतो की ज्याचा धड कोणी मालकच नसतो. त्याला त्यांनी नाव दिलं, फ्ये आउन हिर्दिस, राखण्याशिवायचं फ्ये. बायबलातली मेंढपाळाविना भरकटलेली मेंढरं ऐकणाऱ्याच्या कानात असतातच, त्यामुळं शब्द राजकारणात टिकला. पुढं राखणे आले. बँका खाजगी झाल्या, आणि काही वर्षांत तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पटींवर गेला. डोंगरावरच्या मेंढ्या उन्हाळाभर राखण्याविना राहूनही दर सप्टेंबरात घरी येतात. २००८ च्या ऑक्टोबरात तिन्ही बँका कोसळल्या, आणि चांगले पगारी राखणे असूनही ते फ्ये काही घरी आलं नाही.

खरं तर मेंढ्यांमध्ये ही अडचण सोडवणारी एक जात तिथं आहे. फोरिस्तुफ्ये, पुढारी मेंढ्या. अंगानं सडपातळ, पायांनी उंच, मांस बेताचं. पण वादळ येणार हे त्यांना आधी कळतं, त्या गोठ्यातून बाहेर पडायला नकार देतात, किंवा बर्फातून वाट काढत साऱ्या कळपाला घरी आणतात. ईशान्येकडच्या एका खेड्यात त्यांचं छोटं संग्रहालयही आहे. मध्यवर्ती बँकेनं अशी एखादी पाळायला हरकत नव्हती.

जुन्या रुनी लिपीचं पहिलं अक्षर फ्ये. म्हणजे त्यांचा 'अ' पैशाचा. मध्ययुगातली अक्षरकविता या अक्षराबद्दल पहिली गोष्ट सांगते ती भाऊबंदकीची. ग्रीमुर हाउकोनार्सोन यांचा 'ह्रूतार', म्हणजे 'मेंढे', हा २०१५ चा चित्रपट पाहताना ती आठवते. कान महोत्सवात त्याला त्या वर्षी 'अन सर्तां रगार' हा पुरस्कार मिळाला. शेजारी शेजारी राहणारे दोन म्हातारे भाऊ, चाळीस वर्षं अबोला, निरोप द्यायचा तर कुत्र्याच्या तोंडी चिठ्ठी. आणि दोघांच्या मध्ये मेंढरं.

भांडण टाळायचं तर एकच उपाय, फ्ये एकत्र ठेवायचं. 'लाग' म्हणजे ठेवणं, मांडणं. फ्ये एकत्र ठेवलं की फ्येलाग, म्हणजे भागीदारी, आणि आज कंपनी, मंडळ, संस्था, सगळंच. रास्कनं १८१६ साली आइसलंडच्या साहित्यासाठी जी संस्था काढली तिच्या नावातही हाच फ्येलाग आहे. साहित्यिकांनी मेंढ्या एकत्र केल्या होत्या असं दिसत नाही, वर्गणी केली असावी. फ्येलागमधला भागीदार तो फ्येलायी. व्हायकिंगांनी हा शब्द इंग्लंडात नेला, तिथं तो आधी धंद्यातला सोबती होता, मग नुसताच सोबती झाला, आणि 'फेलो' म्हणून विद्यापीठांत जाऊन बसला. तिथून तो आपल्याकडे आला. तेव्हा ज्या संशोधकाची फेलोशिप सहा महिने रखडली आहे, त्यानं खात्याला पुढचं स्मरणपत्र लिहिताना विचारायला हरकत नाही, की साहेब, मेंढरं डोंगरावरून निघाली आहेत का, आणि निघाली असतील तर सध्या कोणाच्या कप्प्यात आहेत.